पेटीवरचा हिरवा दिवा

ज्या घरात माणूस गेलेला असतो, त्या घरासमोर जग थांबतं. हे वाक्य मी आजवर निदान पन्नास शोकसभांत ऐकलं आहे. ते म्हणताना वक्ता डोळे मिटतो, आवंढा गिळतो आणि पुढच्या कार्यक्रमाला उशीर होत असल्यामुळे लवकर आटोपतं घेतो. जग थांबतं की नाही, मला सांगता येणार नाही. वायरमन मात्र थांबायचा. ते मी स्वतः पाहिलं आहे.

लातूरला माझ्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या गल्लीत बिल राहिलेल्या घरांची लाइट तोडायला वर्षानुवर्षं एकच वायरमन येत असे. आल्या आल्या तो खांबावर चढत नसे. कोपऱ्यावरच्या टपरीशी गाडी लावायचा, चहा सांगायचा आणि पहिल्या घोटानंतर गल्लीकडे तोंड करून ओरडायचा, "आज तीन घरं हायत बरं का! पाणी भरायचंय त्यांनी मोटारी लावा!" मग गल्लीभर मोटारी घुरघुरू लागत. ज्यांचं बिल भरलेलं असे तेसुद्धा धोका नको म्हणून टाकी भरून घेत. त्याचा चहा संपेपर्यंत एखादी बाई पदराला हात पुसत बिलाची पावती दाखवायला येई. कुणी नुसतंच "परवा भरतो, दादा" म्हणे. तो दोन्ही गोष्टी सारख्याच गांभीर्यानं ऐकून घेई.

घरात बाळंतीण असली तर तो तोडत नसे. मुलीला बघायला पाहुणे येणार असले तर तोडत नसे. आणि दारात गोवऱ्यांचा धूर दिसला, बाहेर माणसं खाली मान घालून बसलेली दिसली, तर चप्पल काढून आत जाऊन हात जोडून येई आणि वहीत लिही, 'घरास कुलूप.' सरकारदरबारी त्या घराला कुलूप असे आणि दारात पन्नास माणसं बसलेली असत.

गेल्या वर्षी गल्लीत नवे मीटर बसले आणि वायरमनची वही गेली.

नांदेडला आमच्या वसाहतीतही ते बसले होते. आमच्याकडे त्यांच्याविषयी जे बोललं जात होतं, तेच लातूरलाही बोललं जात होतं. मीटर लई पळतंय. रात्री आपण झोपलो तरी ते जागंच राहतंय. तिकडं कुणीतरी बटण दाबलं की इकडं अंधार. आमच्या शेजारणीनं तर मीटरवर जुनं पोतं टाकून ठेवलं होतं, म्हणजे त्याला दिसायला नको. मी तिला हसलो होतो. मी निवृत्त ग्रंथपाल आहे. दुसऱ्याला हसणं हा आमच्याकडे वाचनाचा एक उपयोग मानला जातो.

अक्काचे यजमान, म्हणजे दाजी, हे मात्र नव्या मीटरच्या बाजूचे होते. ते एका कचेरीत हेडक्लार्क होते. जगात जी काही अव्यवस्था आहे ती माणसं वेळेवर येत नसल्यामुळे आहे, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. मीटर बसवायला छापील जाकिटं घातलेली पोरं आली तेव्हा दाजींनी त्यांना सरबत पाजलं. त्या पोरांना वर पाठवायला एका समाधानी ग्राहकाचा फोटो हवा होता. दाजी आत जाऊन भांग पाडून आले आणि मीटरशेजारी उभे राहिले. गल्लीतला तो एकमेव समाधानी ग्राहक.

त्यावरून आमचा वाद झाला होता. मी म्हणालो, "दाजी, तोडणारा माणूसच समोर नसला तर विनंती कुणाला करायची?"

"विनंती करायची वेळच का आणायची म्हणतो मी? तारखेला बिल भरावं."

"आणि एखाद्याला नाहीच जमलं तर?"

"तुमच्यासारख्या लोकांमुळं देश मागं राहिला," दाजी म्हणाले आणि अक्काला चहा टाकायला सांगितला. आमचे सगळे वाद देशापाशी येऊन चहात बुडत.

दाजींनी आयुष्यात एकच बिल चुकवलं. त्या वेळी ते दवाखान्यात होते.

मूत्रपिंडाचं दुखणं होतं. अंगावर सूज असायची, उतरायची, पुन्हा चढायची. तीन आठवडे अक्का दवाखान्यातच राहत होती. दाजींचा फोन तिच्या पिशवीत असे. तो वाजला तर उचलायचा, एवढंच तिला येत होतं. बाकी त्याच्यात काय येतं नि जातं, ते तिनं कधी पाहिलं नाही. तो त्यांचा फोन होता. नवऱ्याची पत्रं फोडायची नाहीत, हे तिला लग्नाआधी शिकवलेलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. तिची रजा पुढच्या आठवड्यात होती. दाजी गेले त्याच्या आदल्या दिवशी ती फोनवर रडायला लागली, तेव्हा ते तिला म्हणाले, "येडी का खुळी तू? निवांत ये. तू आल्याशिवाय मी कुठं हलत न्हाई." दाजींनी दिलेली तारीख कधी पाळली नाही असं झालं नव्हतं. म्हणून तिनं विश्वास ठेवला.

ते संध्याकाळी गेले. तिला पहाटेचं हैदराबादचं विमान मिळालं. तिथून गाडीनं बिदर, निलंगा करत लातूर. दुपारी तीनपर्यंत पोचते म्हणाली. मे महिना होता. अक्का एवढंच म्हणाली, "ते म्हणलेत ना, तू आल्याशिवाय हलत न्हाई. मग न्हाई हलणार." त्यामुळे पेटी आणायचं ठरलं.

ज्याला कागदोपत्री शीतशवपेटी म्हणतात तिला इकडे सगळे नुसतं पेटी म्हणतात. एका सेवाभावी मंडळाची होती. दोन्ही बाजूंना देणगीदाराचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, की लांबून पाहणाऱ्याला तोच आत असावा असं वाटलं असतं. वर काच. पायाशी एक हिरवा दिवा. तपमान दाखवणारा आकडाही एके काळी होता, पण तो बंद पडला होता. पेटी घेऊन आलेला मंडळाचा माणूस म्हणाला, "हिरवा दिवा लागलेला हाय तवर काळजी न्हाई. उद्या दुपारनंतर मोकळी करा, परवा मुखेडला न्यायची हाय."

मी नांदेडहून पहिल्या गाडीनं निघालो. लोह्याला उजाडलं. अक्काकडे पोचलो तेव्हा साडेनऊ झाले असतील. दारात गोवऱ्यांचा धूर होता. भिंतीशी दाजींचा फोटो ठेवला होता. हार घालण्यासारखा अलीकडचा फोटो दुसरा सापडेना, म्हणून मीटरपाशी काढलेलाच कापून मोठा केला होता. खांद्याशी मीटरचा एक कोपरा राहिला होता, तो हाराखाली झाकला होता.

अक्का पेटीशी बसली होती. काचेवर सारखे थेंब जमत होते आणि ती पदरानं पुसत होती. पुसलं की दाजी दिसत. सूज होतीच, पण चेहरा त्यांचाच होता, हजेरीपटावर सही करून आल्यासारखा. काचेवर तिनं त्यांचा चष्मा आणि फोन ठेवला होता.

"फोन कशाला, अक्का?" मी विचारलं.

"पोरगी याच्यावरच करती. तिला दुसरा नंबर पाठ न्हाई."

मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो. मी बसलेलो असताना तो फोन तीनदा वाजला. रिंग नव्हे, निरोप आल्याची ती बारीक घंटी. प्रत्येक वेळी आजूबाजूचे लोक किंचित मान झुकवत. श्रद्धांजल्या येत होत्या, दुसरं काय येणार? मलाही तसंच वाटलं. जळती समई, वाहतं कमळ, भावपूर्ण या शब्दातली एखादी वेलांटी चुकलेली, आणि खाली पाठवणाऱ्याचं पद. असल्या चित्रांचा मला तिटकारा आहे. गेलेल्या माणसाच्याच फोनवर त्याला श्रद्धांजली पाठवणाऱ्या लोकांविषयी मनातल्या मनात मी एक चांगलं वाक्यही जुळवलं होतं. फोनला हात लावला नाही.

पावणेअकराला पंखा थांबला.

आमच्याकडे लाइट गेली तर कुणी दचकत नाही. लोक आधी दारातून डोकं काढून विचारतात, "तुमची हाय का?" शेजाऱ्याचीही गेलेली असली की समाधान वाटतं. दाजींचे चुलतभाऊ निलंग्याकडच्या गावाहून आले होते, शेती करणारे वयस्क गृहस्थ. त्यांनी डोकं बाहेर काढलं. पलीकडे शिवणकाम करणारे चाचा राहतात. चाळीस वर्षं दाजींचे पायजमे त्यांनीच शिवले. त्यांचं विजेवरचं मशीन खडखडत होतं.

"आपलीच गेली," चुलतभाऊ म्हणाले.

तेवढ्यात वायरमन आला. तोच, टपरीवर चहा घेणारा. लाइटीसाठी नव्हे, हात जोडायला आला होता. आत जाऊन आला आणि सवयीनं मीटरसमोर उभा राहिला. मीटरचा पडदा छान उजळलेला होता.

"तोडलीया," तो म्हणाला. "वरून."

"वरून म्हणजे कुठून?"

"ते आमाला बी सांगत न्हाईत, सर. मेसेज आला असंल की. आल्याबिगर तोडत न्हाईत."

मग मी काचेवरचा फोन उचलला. दाजींनी त्याला कुलूप घातलेलं नव्हतं. तीन आठवड्यांचे निरोप होते. बिल भरण्याची विनंती, पुन्हा विनंती, सूचना, अंतिम सूचना. त्या सकाळचे तीन मी बसल्यापासूनचे होते. 'आपला वीजपुरवठा आज खंडित करण्यात येईल' हे त्यांतल्या पहिल्याच निरोपात लिहिलेलं होतं, आणि वेलांटी एकही चुकलेली नव्हती. ते वाचलं असतं तर पैसे भरायला दोन मिनिटं लागली असती. समई किंवा कमळ एकही नव्हतं. दाजींना कुणी श्रद्धांजली पाठवलेलीच नव्हती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आता लिहितो आहे.

वायरमन म्हणाला, "पूर्वीचं असतं तर खांबावर चढून दोन मिन्टात जोडून दिली असती. आता खांबात काय न्हाई." मग त्यानं ऑफिसला फोन लावला. पलीकडून आधी पैसे भरा, मग ते आपोआप होतं, असं उत्तर आलं. किती वेळात, यावरही उत्तर आपोआप असंच होतं.

पैसे भाचीनंच भरले. तिचा फोन आला, मी लाइटीचं सांगितलं, आणि बिदरच्या पुढे कुठंतरी चालत्या गाडीत तिनं भरले. तिच्या बापाच्या फोनवर लगेच घंटी वाजली. पैसे मिळाले, धन्यवाद, पुरवठा लवकरच पूर्ववत होईल.

तोवर चाचा वायरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन आले होते. आतून त्यांची सून हळूच म्हणाली, "अब्बा, अपना भी कट करेंगे. मीटर में सब दिखता कते."

"दिखने दे," चाचा म्हणाले. "घर में मय्यत है, वो भी दिखेगा."

त्यांच्या खिडकीतून वायर निघाली, अंगण ओलांडून, मंडपाच्या बांबूवरून, आमच्या दारातून आत आली. पेटीला जोडली. आत पंखा भुणभुणला आणि हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी श्वास सोडला. कुणीतरी चाचांना पाणी दिलं. आम्ही पुन्हा आपापल्या जागी बसलो आणि त्या दिव्याकडे पाहत राहिलो. मी तर भाचीला फोन करून सांगितलंसुद्धा, "काळजी करू नकोस. झाली सोय."

बारा वाजले, एक वाजला. ऊन इतकं होतं, की बाहेर बसलेली माणसं सावलीबरोबर खुर्च्या सरकवत होती. अक्का एकदा म्हणाली, "काच पुसावी लागंना आता." चांगली गोष्ट आहे, असं मला वाटलं. तिला जरा विश्रांती.

दीडच्या सुमाराला तिनं काचेवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "अरे, ही गरम लागायलीय."

वायरमननं पेटीच्या मागं कान लावला. बराच वेळ तो उठला नाही. मग म्हणाला, "नुसता पंखा फिरायलाय. गार करायचं मशीन उठलंच न्हाई. लांबची बारीक वायर, त्यात दुपारचं व्होल्टेज. दिव्याला काय, तो कशावर बी लागतो."

म्हणजे पावणेअकरापासून दाजी एका बंद काचेखाली उन्हाळ्यात होते आणि आम्ही दिव्याकडे पाहत होतो.

चाचा रिक्षा करून बर्फाच्या लाद्या घेऊन आले. लाकडाच्या भुशातल्या त्या लाद्या गल्लीतून आत येईपर्यंत गळत होत्या. त्या लावायला पेटी उघडली. मी समोर उभा होतो. जे दिसलं ते लिहिणार नाही. चेहरा त्यांचा राहिला नव्हता, एवढं पुरे.

चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, तुमी शिकलेले हाव. भावकीचं कुणी बोलणार न्हाई, पोरीचा शाप कोण घेणार? उचलायचं का थांबायचं, तुमी म्हणताव तसं करू."

फोन लागला. भाची निलंग्याला पोचली होती. म्हणजे आणखी एक तास, फार तर सव्वा. एक तास काहीच नसतो. ग्रंथालयात मी लोकांना पुस्तकासाठी तासतास बसवून ठेवलं आहे. पण वेळेचा प्रश्न नव्हता. ती हजार कोस हा चेहरा पाहायला येत होती, आणि तो तिनं पाहू नये असं मी ठरवलं. कुणाला विचारलं नाही. ती मुलगी नर्स आहे हेही त्या क्षणी मला आठवलं नाही. मला ती आठवली, ती दाजींच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसलेली.

"उचला," मी म्हणालो.

अक्का म्हणाली, "अरे, निलंग्याला आलीया ती. ते म्हणले होते की रे तिला."

"अक्का, तिनं हे बघू नये."

ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मी थांबलो असतो, असं मी आजही स्वतःला सांगतो. तिनं काचेवरून उतरवून ठेवलेला चष्मा घेतला, पदरानं पुसला, त्यांना लावला आणि बाजूला झाली.

भाची परस्पर स्मशानात आली. तेव्हा चुलतभावांनी अग्नी देऊन अर्धा तास झाला होता. गाडीतून उतरली, हातात पाण्याची बाटली होती, ती नीट सीटवर ठेवून आली. जवळ जाता येत नव्हतं इतकी धग होती. ती जिथवर जाता येत होतं तिथवर गेली आणि उभी राहिली. मग परत माझ्यापाशी आली.

"मामा, चेहरा कसा होता बाबांचा?"

तेहतीस वर्षांत मी कुणाला मागितलेलं सोडून दुसरं पुस्तक दिलं नाही. तिला म्हणालो, "शांत होता. झोपल्यासारखा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग थांबला का न्हाईत?"

खरं सांगायची वेळ एका वाक्यापूर्वी होती आणि ती मीच घालवली होती. वायरमन शेजारी उभा होता. त्याला राहवलं नाही. त्यानं लाइटीचं, वायरीचं, मशीन न उठल्याचं सगळं सांगून टाकलं, स्वतःचाच गुन्हा कबूल केल्यासारखं. ती मान हलवत ऐकत होती, दवाखान्यात पाळी बदलताना ऐकत असेल तशी. मग मला म्हणाली, "मी रोज असले चेहरे पुसते, मामा. त्यांचा पुसला असता." एवढंच. रडली ती नंतर, घरी, दाजींच्या खुर्चीवरचा टॉवेल घेऊन.

तेव्हापासून मी लातूरला चार वेळा गेलो आहे. ती मस्कतहून फोन करते. अक्काचं झालं की मला द्यायला सांगते. नांदेडच्या पाण्याची चौकशी करते. 'मामा' तसंच म्हणते. तो विषय तिनं पुन्हा काढलेला नाही, आणि तिनं तो काढावा म्हणून मी बराच वेळ फोन कानाशी धरून बसतो. नव्या मीटरवरचा वाद मी जिंकलो, असं म्हणायला हवं. ते कबूल करणारा माणूस राहिला नाही. आता अक्काच्या बिलाचे निरोप माझ्या फोनवर येतात. घंटी वाजली की मी ते लगेच उघडतो. समई आणि कमळही उघडतो.

त्या दिवशी आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. घरातले सगळे दिवे लागलेले होते. आमच्या मागं लाइट आल्यावर चाचांनी आपली वायर काढून घेतली होती आणि पेटी सवयीनं पुन्हा घरच्या बटणाला जोडून ठेवली होती. दाजींच्या फोनवर निरोप होता, पुरवठा पूर्ववत करण्यात आला आहे. त्या गडबडीत पेटी बंद करायचं कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाचा माणूस तिला मुखेडला न्यायला आला. त्यानं झाकण उचलून आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत बर्फ धरला होता.